निस्ताराचे कागद

नाकाडोंगरीच्या परिसरातील आपल्या पोवार ज्ञातिबांधवांचा संसार धानाच्या बांध्यांवर चालतो; परंतु नांगराचे लाकूड, जळण, गुरांची चराई, मोहफुले व तेंदूपाने ही रानाचीच. मालगुजारीच्या काळी गावच्या रानातून कोणी काय न्यावे, हे बंदोबस्ताच्या वेळी 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहून ठेवीत. यालाच आपण निस्तार म्हणतो. १९५१ साली मालगुजारी गेली, तिची राने सरकारजमा झाली. निस्तार कागदावर राहिला.

पुढे १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले; २०१३ साली कोका अभयारण्य व नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. नाकाडोंगरी यांच्या हद्दीबाहेर आहे. पण पेंच व नागझिरा यांमधील वाघांची ये-जा याच बाजूच्या रानांतून होते. चैत्रात पहाटे मोह वेचावयास निघालेल्या बायकांची वाटही तीच. वाघाला संरक्षण मिळाले हे योग्यच, वेचणारीला कोणते?

२००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे हक्क मान्य केले. मात्र आदिवासी नसलेल्यांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. गोंड बांधवांस ही अट नाही, आणि नसावी हेच न्याय्य. आपणांस १९३० पर्यंत मागे जाणे भाग आहे. वडीलधाऱ्यांची लेखी साक्ष चालते खरी. पण तो काळ पाहिलेले आता कोण उरले? राहता राहिले घरोघरच्या पेट्यांतील जुने कागद. आमच्या घरी असे एक बासन होते. एका दिवाळीच्या साफसफाईत ते चुलीत गेले.