डिगलीपूरचा ताप

१९८८पासून उत्तर अंदमानातल्या डिगलीपूर भागात पावसाळा सरता सरता एक ताप येऊ लागला. डोकं ठणकायचं, अंग मोडून यायचं, आणि काहींना खोकल्यातून रक्त पडायचं. त्यातले काही दगावायचे. कारण सापडेना, तेव्हा त्याला ‘अंदमान रक्तस्रावी ताप’ म्हणायला लागले. तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचं ठरायला १९९३ साल उजाडलं.

मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बाई. मला त्या जंतूपेक्षा मधल्या पाच वर्षांचं कुतूहल जास्त. कारण अंदमानात हा जंतू नवा नव्हताच. १८५८मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, त्यांच्याकडून जंगल तोडून घेतलं, दलदली बुजवून घेतल्या. पुढे टेलर आणि गोयल या दोघांनी तिथल्या रुग्णांच्या रक्तातून लेप्टोस्पायरा वाढवून दाखवला आणि १९३१ साली त्यावर सविस्तर निबंध छापला. लेप्टोच्या तपासणीत वापरला जाणारा ‘अंदमाना’ हा वाण त्यांच्याच कामातून आलेला. नंतर मात्र कित्येक दशकं या बेटांवरच्या लेप्टोबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही.

मग ओळखायला इतका वेळ का लागला? माझ्या मते, कावीळ आडवी आली. १८८६मध्ये हायडलबर्गच्या अॅडॉल्फ वाइल यांनी या रोगाचं वर्णन केलं, त्यात कावीळ ठळक होती. १९१५च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी जंतू शोधला, तोही ‘वाइलचा रोग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारातच. तेव्हापासून लेप्टो म्हटलं की डॉक्टर आधी रोग्याचे डोळे पिवळे आहेत का ते बघतात. डिगलीपूरला नजरेत भरत होतं ते फुप्फुसातलं रक्त.

१९९५च्या ऑक्टोबरात निकाराग्वात हेच घडलं. मुसळधार पावसानंतर आचुआपा भागात तापाची साथ आली, माणसं फुप्फुसात रक्तस्राव होऊन गेली, कावीळ नव्हती. आधी संशय डेंग्यूवर गेला. अमेरिकेहून आलेल्या तपास पथकाला मृतांच्या अवयवांत लेप्टोस्पायरा सापडला. आजारी आणि निरोगी माणसांना तेच ते प्रश्न विचारल्यावर कळलं, की ओढ्यातून चालणाऱ्यांना आणि घरात उंदीर असलेल्यांना धोका जास्त होता. गावातल्या कुत्र्यांच्या रक्तातही जंतूविरुद्धची प्रतिपिंडं निघाली.

प्रयोगशाळेतली खात्री वेळखाऊ असते. रुग्णाचा सीरम जिवंत लेप्टोस्पायरांत मिसळायचा आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांना चिकटतात का ते पाहायचं. एकच वाण घेऊन भागत नाही, अनेक वाण जिवंत राखावे लागतात. पुन्हा काही दिवसांनी दुसरा नमुना हवाच, कारण एका आकड्यावरून जुना संसर्ग की नवा, हे सांगता येत नाही. रक्तातून जंतू वाढवायचा तर आठवडे जातात. तोवर रोगी एक तर बरा होतो, नाही तर जातो.

म्हणून प्रश्नांना किंमत. डिगलीपूरच्या वस्त्यांत १९५०च्या दशकात पूर्व बंगालमधले निर्वासित वसवले होते. त्यांनी जंगल साफ केलं, भातशेती केली, गुरं पाळली. गुरं, उंदीर लघवीतून जंतू सोडतात, तो चिखलात टिकतो आणि भेगाळलेल्या पायांतून आत शिरतो. कैद्यांच्या जागी शेतकरी आले, पाय मात्र त्याच ओल्या मातीत राहिले. पुढे उत्तर अंदमानात ७८२ जणांवर आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनचा प्रयोग झाला. गोळी घेणाऱ्यांत आजारपण कमी झालं, संसर्ग मात्र थांबला नाही. चिखलात उतरणं थांबलं नव्हतं, तर तो थांबणार कसा?

आपल्याकडे २६ जुलै २००५ला सांताक्रूझवर ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यामागोमाग मुंबईत लेप्टो आला. तेव्हापासून मुंबईतले डॉक्टर पावसाळ्यात ‘पाण्यातून चालला होतात का?’ असं विचारतात. कोकणात तो प्रश्न पुरत नाही, लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात कोण नसतं? तिथे विचारायला हवं: पायाला जखम होती का, गोठा कोण साफ करतं, बांधावर उंदरांची बिळं किती? केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहायला जागा असते. धंदा आणि गेल्या महिन्याभरातलं पाणी लिहायला दोन ओळी वाढवल्या, तर रोग ओळखायला पाच वर्षं लागायची नाहीत.