तबकडीवर आलेले आणि न आलेले

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा, ताम्रपट ही नावे आपल्यासमोर येतात. ग्रामोफोनची तबकडी या यादीत सहसा कोणी धरत नाही. आम्हांस मात्र ती धरावीशी वाटते. कारण मागच्या पिढ्यांचा आवाज तिच्यात प्रत्यक्ष ऐकू येतो. परंतु बखर वाचताना ती कोणी व कोणासाठी लिहिली हे जसे पाहावे लागते, तशीच पारख तबकडीचीही केली पाहिजे.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर रंगणारा राग तेवढ्यात मांडावयाचा! या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथील कारागिरांना गाणारी व्यक्ती ओळखता यावी म्हणून गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, असे म्हणतात. तबकडीने गाणे टिपले, आणि टिपताना त्याला कात्रीही लावली.

या मर्यादेचा एक लाभही झाला. १९३० नंतर लवकरच ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली. कवी मेहकरचे, म्हणजे मराठवाड्याच्या शेजारचे. रागाला जी तीन मिनिटे अपुरी पडत, ती एका भावगीताला अगदी बेताची ठरली. मराठी भावगीत घरोघर पोहोचले त्यात या मापाचा वाटा मोठा आहे.

नांदेड आणि लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूत, आणि जाहीर सभेला सरकारची परवानगी हवी. घरात वाजणाऱ्या तबकडीला मात्र परवानगी कोण विचारणार? मराठी नाट्यपद तिच्यावर बसून उंबरठ्याच्या आत येऊ शकत होते. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या त्या दिवसांत अशा एका पदाचे मोल किती असेल, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता दुसरी बाजू. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. शिष्यांच्या तबकड्या आहेत, गुरूंची एकही नाही. एवढ्या मोठ्या गवयाची ही गत, तर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गाणाऱ्या वाघ्या-मुरळीची, माहूरच्या गोंधळ्यांची आणि जात्यावर बसणाऱ्या आयाबायांची काय कथा? ओवी घड्याळावर चालत नाही. ती दळण सरेपर्यंत चालते. शिवाय तबकडी हा व्यापार होता, आणि पहाटेच्या ओवीला गिऱ्हाईक कोठून मिळणार? जिची भाकरी रोज खाल्ली, तिचे गाणे विकत घेण्याजोगे आहे असे कोणाला वाटले नाही.

ही उणीव फार उशिरा थोडी भरून निघाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी १९८० नंतर गावोगावच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. १९९६ साली परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथे गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मुद्रित झाला. तोपर्यंत गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या आणि हातची जाती कोपऱ्यात गेली होती. जाते थांबले की ओवीचे निमित्तही संपते.

म्हणून जुन्या तबकड्यांचा संग्रह करणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. कपाटातील तबकड्या जिवापाड जपाव्यात. पण तेवढ्यालाच आपल्या गाण्याचा इतिहास समजू नये. आज ध्वनिमुद्रणाला कलकत्ता लागत नाही, हॅनोव्हर लागत नाही, आणि तीन मिनिटांचे बंधनही उरलेले नाही. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ज्या म्हाताऱ्या बायांना अजून ओव्या येतात, त्यांच्याजवळ जाऊन बसावे. गाणारीचे नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग तिच्याच तोंडून नोंदवून घ्यावा. ते नाव यापूर्वी कोणी विचारलेले नाही.