जुनी दुनळी बंदूक : नाशिकच्या संदर्भात

नाशिकच्या इतिहासात शस्त्राचे नाव निघाले की २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर झाडले गेलेले पिस्तूल आठवते. शेतकऱ्याच्या व शिकाऱ्याच्या परवान्यावरील छऱ्यांची साधी बंदूक मात्र इतिहासलेखनाबाहेर राहिली. १८७८ च्या शस्त्रकायद्यान्वये हिंदी मनुष्यास परवान्यावाचून ती बाळगता येत नसे; युरोपियनांना सूट होती. १९५९ च्या कायद्याने किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी नागरिकास देण्याची तरतूद केली.

दुनळी बंदूक स्वस्त होण्याचे एक कारण बर्मिंगहॅममध्ये सापडते. १८७५ मध्ये अँसन व डीली यांनी मोजक्या भागांचा चाप योजला. त्यामुळे नक्षीवाचूनही भरवशाची बंदूक बनू लागली. अशा बंदुकीची परीक्षा कारागिराच्या नावावरून करू नये. नळीतील गंज व पोचे, सांध्याचा ढिलेपणा, चाचणीचे ठसे आणि काडतुसाच्या घराची लांबी पाहावी. जुन्या इंग्रजी बंदुकांत हे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस घालणे धोक्याचे. पिळलेल्या लोखंडाच्या नळ्या काळ्या दारूच्या काळातील, हेही विसरू नये. झिजलेला दस्ता हा दोष नव्हे. ती वापराची साक्ष होय.

नाशिकला नेमबाजीची परंपरा आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये येथे भोसला सैनिकी शाळा स्थापिली. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघाचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हेही मराठीच. तथापि रायफलीची नेमबाजी स्थिर लक्ष्याची. छऱ्यांच्या बंदुकीपुढे ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी उडत असते. आंतरराष्ट्रीय नियमांत १२ बोअरहून मोठी बंदूक चालत नाही, छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंतच. किमतीची वा वयाची अट नाही. सुस्थितीतील जुन्या दुनळीस स्पर्धेचे दार बंद नाही. तिचे दोन चाप तर सोयीचेच : कोणती नळी आधी झाडावी, हे नेमबाज ऐन वेळी ठरवू शकतो.

वन्यजीव कायद्याने शिकारीचा मार्ग बंद झाल्यावर तबकडी हेच तिचे क्षेत्र उरले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनावरून दोनांवर आणली, आणि वारशाने आलेले हत्यारही त्याच हिशेबात धरले. स्पर्धेसाठी नवी बंदूक घेणाऱ्यास आजोबांची दुनळी ठेवावी की सोडावी, हा प्रश्न तेथून पडतो. पुराणवस्तू म्हणून कायद्यातून सूट मिळते ती दुरुस्तीनेही न चालणाऱ्या हत्याराला. शंभर वर्षे जपून चालती ठेवलेली बंदूक त्या सवलतीत बसत नाही.