दासोपंतांची पासोडी आणि ‘मी’चे चित्र

मुलाला ‘स्वतःचे चित्र काढ’ म्हटले की तो प्रथम चेहरा काढतो. आपली भाषा, घर आणि गाव त्या चेहऱ्यात कसे दाखवावे, हा प्रश्न मात्र उरतो. या प्रश्नाचा विचार करताना बीदरशी निगडित असलेल्या एका संतकवीची आठवण होते.

दासोपंत (1551-1615) नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातले. त्यांचे वडील दिगंबरपंत बीदरच्या बरीदशाहीत वसुलीचे अधिकारी होते. सरकारी भरणा थकला तेव्हा बाल दासोपंतांना बीदरला ओलीस ठेवण्यात आले आणि मुदतीत रक्कम न आल्यास त्यांचे धर्मांतर व्हावे असे ठरले, असे परंपरा सांगते. पुढे ‘दत्ताजी पाडेवार’ नावाच्या अनोळखी गृहस्थाने रक्कम भरली. भक्तांच्या मते तो प्रत्यक्ष दत्तच होय. चमत्काराचा भाग वगळला तरी, एका मुलाचे ‘आपण कोण’ हेच तारण पडले होते, हे या कथेचे मर्म राहते.

पुढे अंबाजोगाईस स्थिरावलेल्या दासोपंतांनी प्रचंड ‘गीतार्णव’ रचला. पण त्यांचे अपूर्व कार्य म्हणजे पासोडी. सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय अक्षरांनी व आकृत्यांनी मांडला. अस्थी, मांस, त्वचा पृथ्वीची. क्षुधा, तृषा, निद्रा तेजाची. अशा क्रमाने देहाची फोड करीत जाणे, ही पंचीकरणाची रीत. बालपणीच्या प्रसंगाचे पडसाद तीत शोधणे धाडसाचे ठरेल. शिवाय वेदान्ताचा हेतू या साऱ्यापलीकडचा आत्मा दाखविण्याचा आहे. ओळखीचा अभिमान वाढविण्याचा नव्हे. तथापि ‘मी’चा उलगडा डोळ्यांसमोर पसरून शिकविण्याची ही पद्धती शिक्षकाने घ्यावी अशी आहे.

1956 साली बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरमध्ये. तेव्हापासून या सीमेवरच्या मराठी मुलाला घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी ऐकू येते. ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला त्याच्याकडून एकाच शब्दाचे उत्तर मागितले जाते. अमेरिकेतील नवाहो मुलांना निवासी शाळांतून स्वभाषा विसरावयास लावले गेले होते. 1966 साली रफ रॉक येथे त्यांच्या समाजाने आपल्या हाती शाळा घेतली, तेव्हा नवाहो भाषेला वर्गात मानाचे स्थान मिळाले.

आपल्या वर्गातही मुलापुढे कागद लांबच पसरावा. चेहरा मधोमध असो. भोवती आजीची बोली, शेजाऱ्याचे कन्नड, गावची जत्रा आणि बीदरचा किल्ला यांना जागा असावी. एकाच शब्दात न मावणारे उत्तर त्या कागदावर सुखाने मावेल.