कंदील, भिंग आणि न दिसणारा प्रकाश

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ सालीं ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि त्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलानें महाराष्ट्रांतील असंख्य घरांत उजेड पाडला. परंतु रॉकेलच्या ज्योतीचा हिशेब मांडला, तर तिच्यांतून निघणाऱ्या किरणांपैकीं फारच थोडे डोळ्यांना दिसतात. बाकीचे बहुतेक तांबड्या रंगाच्या पलीकडचे असून ते बहुतांशीं काचेंतून निघून जातात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. कंदिलाशीं हात नेला कीं त्यांची ओळख पटते. त्यांच्या साह्यानें छायाचित्र घेणें मात्र इतकें सोपें नाहीं.

विल्यम हर्शलनें १८०० सालीं सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून रंगपट्टा पसरला आणि तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें तेथें, उष्णतामापकाचा पारा चढलेला पाहिला. १८८० च्या सुमारास विल्यम ॲबनीनें या किरणांना जाणणारीं रसायनें तयार केलीं. १९१० सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यानें अशा प्रकाशांतील निसर्गचित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत आकाश काळेंभोर आणि झाडें हिमाच्छादित असल्यासारखीं पांढरीं दिसत होतीं. निरोगी पानाची आंतील रचना हे किरण मोठ्या प्रमाणांत परतवते, हें त्याचें कारण.

आतां भिंगाची गोष्ट. काच निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरावर एकत्र आणते. साधें छायाचित्रण-भिंग दृश्य रंगांपुरतें जुळवलेलें असतें; अवरक्त किरण त्याच्याही किंचित् मागें जाऊन मिळतात. हें अंतर भिंगागणिक बदलतें, तरी तें केंद्रांतराच्या चारशेव्या हिश्श्याच्या आसपास धरतात. म्हणजे २० सेंटिमीटर केंद्रांतराच्या भिंगास अर्धा मिलिमीटर! एवढ्यानेंही चित्र पुसट होतें. म्हणून अनेक भिंगांच्या नळीवर तांबडी खूण कोरलेली असे. आधीं नेहमीप्रमाणें स्पष्टता साधावी, मग तो आंकडा खुणेवर आणावा, छिद्र लहान करावें आणि शेवटीं काळपट फिल्टर बसवावा; कारण तो बसल्यावर डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं.

महाग भिंग येथें चांगलेंच ठरतें असें नाहीं. १९३५ नंतर भिंगांवर परावर्तन टाळणारा पातळ लेप देण्याची पद्धत आली. तो लेप दृश्य प्रकाशासाठीं असल्यानें कांहीं भिंगांत अवरक्त किरण आंतल्या आंत उसळतात व चित्राच्या मधोमध पांढरा डाग पडतो. कधीं कधीं थोड्या काचांचें जुनें भिंग सरस ठरतें. अंधारखोलींतील तांबडा दिवाही अशा प्लेटचा घात करतो.

अजिंक्यताऱ्यावरून चैत्रांत दूरचे डोंगर धूसर दिसतात. ती धूसरता बारीक कणांची असल्यास अवरक्त चित्रांत डोंगरांच्या कडा उघड होतात. महाबळेश्वरच्या आषाढी धुक्यापुढें मात्र हे किरण हात टेकतात. धुक्यांतील थेंब त्यांना अडवण्याइतके मोठे असतात.

या विद्येचें मोल शेतीला कळलें तें पुढें. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखालीं केरळांत नारळाच्या मूळकुजव्या रोगाचा शोध हवाई अवरक्त छायाचित्रांनीं घेण्यांत आला. १७ मार्च १९८८ रोजीं भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आय. आर. एस.-१ए अवकाशांत गेला. त्याच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक रंगपट्ट्यास वेगळें भिंग होतें. जी अडचण छायाचित्रकार तांबड्या खुणेनें सोडवी, ती येथें मुळांतच टाळली गेली. त्याच्या अधिक सूक्ष्म कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारें ३६ मीटर लांबरुंद, म्हणजे साधारण १३ गुंठ्यांचा होता.

कृष्णाकांठच्या वाळवें, मिरज या बाजूस उसाला पाजलेलें जादा पाणी कित्येक शेतांत क्षार वर आणून बसलें आहे. अवरक्त चित्रांत निरोगी ऊस झळाळतो, खारावलेलें शेत मंद पडतें. पाण्याची तहान व रोग यांनींही पीक मंदावतें, म्हणून चित्र पाहून मातीची परीक्षा करावीच लागते. परंतु नापीक होऊं पाहणाऱ्या जमिनींत चर खणून पाणी काढायचें, तर कोठें खणायचें हें वेळेवर कळलें पाहिजे. शेतकऱ्याच्या दृष्टीनें भिंगाच्या अर्ध्या मिलिमीटराचें महत्त्व तेथें आहे.