उत्तर आलं की वर बसायचं

शनिवारी सकाळी गुरुजी उजळणी घ्यायचे. एकाला विचारायचे, तो अडला की पुढचा, तोही अडला की त्याच्या पुढचा. ज्याला उत्तर आलं तो अडलेल्यांच्या वर जाऊन बसायचा आणि जाताना एकेकाचं नाक धरून थोबाडीत द्यायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत आम्ही याला खेळच म्हणायचो!

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर अशा आठवणीला आधी विचारा, की बाई, तू आलीस कुठून?

पंतोजींच्या शाळेत उजळणी म्हणजे परवचा. पावकी-निमकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायची, एकटं कुणी सहसा सापडत नसे. एकेकाला विचारून जागा बदलणं ठळकपणे दिसतं ते मुलांनीच मुलांना शिकवण्याच्या पद्धतीत. अँड्र्यू बेलने ती 1789 नंतर मद्रासच्या अनाथाश्रमात बसवली, 1797 मध्ये लंडनमध्ये छापली आणि एल्फिन्स्टनच्या काळात ती मुंबई इलाख्यात पोचली. म्हणजे मद्रासहून मुंबईला, पण लंडनमार्गे.

नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. सिंथिया फॅरार 1839 पासून इथं मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून आपण पुण्यात शाळा काढली, असं जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगितलंय. त्या काळी परीक्षाही तोंडी आणि चारचौघांत व्हायची. 1853 च्या फेब्रुवारीत फुल्यांच्या शाळांची परीक्षा बघायला पुण्यात मोठी गर्दी लोटली होती. नगरलाच 1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आणि मिशनचे अहवाल या कामासाठी चाळायलाच हवेत.

पण चाळताना एक चूक मी वर्षभर केली. कोणते प्रश्न विचारले, हेच टिपत बसले. विचारायला हवं होतं ते असं, की बरोबर उत्तर दिल्यावर मूल बसत कुठं होतं?

हे मला उमगलं ते साताऱ्यामुळं. डॉ. आंबेडकरांनी तिथल्या शाळेबद्दल लिहिलंय, की वर्गात नंबराप्रमाणं इतरांत बसता येत नसे, कोपऱ्यात एकट्यानं बसावं लागे. खाली गोणपाट, तेही रोज घरून न्यायचं आणि परत आणायचं. हा भाग मी आधी दोनदा वाचला होता. दोन्ही वेळा गोणपाट लक्षात राहिलं, ‘नंबराप्रमाणं’ निसटलं. जागा जन्मानं ठरलेली असेल, तर उत्तर येऊनही वर जायचं कुठं? अन् वर बसायचं म्हणजे नाक धरायचं, शिवायचं. या खेळाला शिवाशीव परवडणारीच नव्हती.

आता मी अहवालांत बैठक शोधते. प्रश्नांइतकं ते सहज मिळत नाही.

माझ्या वर्गातली शेवटची रांग कधी बदलल्याचं मला आठवत नाही. तिथल्या एका मुलाला गुरुजींनी काही विचारल्याचंही नाही. मुलाखतींच्या यादीत पहिलं नाव त्याचंच घातलंय.