नियम माहीत असूनही चालक ते का मोडतात? जाणून घ्या मनातली 4 कारणं

हेल्मेट घालावं, उलट्या बाजूनं जाऊ नये, हे कुणाला माहीत नाही? तरी "इथंच तर जायचंय" म्हणत गाडी निघतेच. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. मग नियम मोडताना मनात नेमकं काय चालतं?

1. काही झालं नाही, म्हणजे चालतं
हायवेवर दुभाजकाचा कट लांब असतो, म्हणून पेट्रोल पंपावरून गाडी थेट उलट्या बाजूनं घातली जाते. पहिल्यांदा छातीत धडधडतं. पन्नास वेळा सुखरूप पोचलं की भीती मरते. धोका मात्र तेवढाच राहतो.

2. आपला हात बसलाय
1981 मध्ये मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना, तुम्ही गाडी कशी चालवता, असं विचारलं. 93 टक्के जणांनी स्वतःला निम्म्याहून वरच्या, कुशल चालकांत बसवलं. हे शक्यच नाही! शिवाय आपला हात कितीही बसलेला असला, तरी अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढं आली तर काय करणार?

3. वेळ वाचतो
10 किलोमीटरला ताशी 60 च्या वेगानं 10 मिनिटं लागतात, 80 नं साडेसात. वाचली फक्त अडीच मिनिटं. पण 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढं जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं.

4. सगळेच करतात
ट्रिपल सीट सगळेच जातात, मग आपणच का थांबायचं? चौकात पोलीस दिसले की हेल्मेट डोक्यावर, पुढं गेलं की परत आरशाला. लहान पोरं हेच बघून शिकतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्त कायद्यानुसार पालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काय करता येईल?
रस्त्यावर मन पळवाट शोधतं, म्हणून निर्णय घरीच घ्या. गाडीची किल्ली हेल्मेटमध्येच ठेवा. पाच मिनिटं आधी निघा. आणि "काल काही झालं नाही" असं मनात आलं, की समजा, सवय बोलतेय.